बसंतीचा ढावलो

मंडळाले दहा वर्षं झाली म्हणून परवा फुलसावंगीत मोठा कार्यक्रम झाला. विठ्ठलराव कापडवाले माईकपुढं उभे राहून म्हणाले, "तांड्यावरच्या मोतीबाईला आमच्या लोककला सेवा मंडळानं उजेडात आणलं." मी मागं बायांमध्ये बसली होती. मले वाटलं, उठावं अन् भर सभेत त्या माणसाले विचारावं, कोणता उजेड रे बाप्पा? पण आमच्यासारखीच्या हातात माईक कोण देते? म्हणून इथं सांगून राह्यली.

मी रुपीबाई. मोती माझी भावजय, माझ्या मोठ्या भावाची, धनसिंगाची बायको. माझा नवरा लवकर गेला, तवापासून मी भावाच्याच तांड्यावर आहे, फुलसावंगीहून अर्ध्या कोसावर. मोतीचं अन् माझं जमलं असं कोणी म्हणणार नाही. ती भाजीत मीठ जास्त टाके अन् मी तोंडात मिरची. पण तिच्या आवाजापुढं मी कधी बोलली नाही. तो आवाज देवाचाच होता, त्यात मोतीची काही कमाई नाही, असं मी तिच्या तोंडावर म्हणे अन् ती हसे.

आमच्या गोर, म्हणजे बंजारा लोकाइत पोरगी सासरी निघाली का नुसते डोळे पुसत नाही जात. एकेकाच्या गळ्यात पडून गाऊन रडते. मायच्या, आमच्या बोलीत याडीच्या, गळ्यातलं रडणं वेगळं, बापाच्या गळ्यातलं वेगळं, भावाचं अजून वेगळं. त्यात बापाच्या घराचं नाव येते, खेळलेल्या अंगणाचं येते, गाई-वासराचं येते. त्याले ढावलो म्हणतात. हे रडणं आपोआप येत नाही, शिकावं लागते. तुम्ही कोर लोक, म्हणजे गोर नाहीत ते सारे, ह्यावर हसता. रडणं कायले शिकायचं म्हणता. मंग तुमच्या मंगलाष्टका काय पोटातून शिकून येता?

तर आमच्या तांड्यावर पोरीइले ढावलो शिकवे ती मोती. लग्न ठरलं का माय पोरीले घेऊन आमच्या अंगणात. मोती जात्यावर बसून शिकवे अन् कशी खेकसे! "नाक नको ओढू वं, शब्द ऐकू आला पाह्यजे. बापाच्या गळ्यात पडली आहेस का खांबाच्या?" पोरी आधी हसत, मंग खरंच रडत. तांड्यातली कोणतीही लेक सासरी गेली, ती मोतीनं शिकवलेलं रडून गेली. तिच्या नावाचा मान तेवढाच होता, दुसरा नव्हता.

तिले एक पोरगा, अन् लेक एकच, बसंती. नदीपलीकडच्या तांड्यावर पूनमसिंगाच्या पोराशी तिची सगाई झाली अन् मोती येडीच झाली. पोरीसाठी नवा ढावलो रचू लागली. कपाशी निंदतानी गुणगुणे, भाकरी थापतानी गुणगुणे, भाकर करपून जाये. त्यात आमच्या धनसिंगाचं घर होतं, बसंतीनं हातानं पाजून जगवलेली वासरी होती, अन् शेवटी मायच्या गळ्यातलं होतं. मले म्हणे, "रुपी, बसंती निघतानी माझ्या गळ्यात पडून हे म्हणन ना, मले तवाच मरण आलं तरी चालन." मी म्हटलं, "मरू नको, व्याह्याले जेवू कोण घालन?" पण मले समजलं होतं. बाईमाणसाच्या जन्माले दुसरं काय येते? आपण कष्टानं वाढवलेली लेक जातानी आपल्यासाठी रडली, हे चार लोकाइनं पाह्यलं पाह्यजे. मोतीले तेवढंच पाह्यजे होतं.

आता मंडळाचं. खोटं कायले बोलू, लोक वाईट नव्हते. विठ्ठलरावाचं कापडाचं दुकान, तरी संध्याकाळ झाली का हा माणूस दुकान सोडून भजनी, गोंधळी, शाहीर शोधत फिरे. आंधळ्या बळीराम गायकाले मंडळानंच पेटी घेऊन देली. कोणी पगार घेत नव्हतं. सायकलवाला नजीर कार्यक्रमाले आपला भोंगा अन् बॅटरी फुकटात आणे अन् तारा बांधतानी घामाघूम होये. विठ्ठलरावाची बायको विमलताई कलाकाराइले चहा-चिवडा करे. आमचे कप मात्र वेगळे, मागच्या ओट्यावर पालथे घातलेले. अन् एक सांगते, स्टेजवर विठ्ठलराव "आदरणीय मोतीबाई" म्हणत, अन् ओट्यावर "ए मोती, कप विसळून ठेव."

साठ साली महाराष्ट्र झाला. मंडळानं शाळेच्या मैदानात जलसा ठेवला. आम्ही सहा जणी गेलो, होळीच्या लेंगी म्हणायले. दिवेलागणीची वेळ होती, दोन पेट्रोमॅक्स सूं सूं करत होते, गावच्या बाया-माणसाइनं मैदान भरून गेलं होतं. आम्ही फेर धरला. लोकाइनं टाळ्या वाजवल्या का बाप्पा! ज्या बाया आम्हाले ओट्यावर टेकू देत नव्हत्या त्याच टाळ्या वाजवून राह्यल्या होत्या. मोतीचं तोंड मी पाह्यलं. लाल झालं होतं.

मंग विठ्ठलराव खालून म्हणाले, "मोतीबाई, आता ते तुमचं रडण्याचं गाणं होऊन जाऊ द्या."

मोती म्हणाली, "दादा, ते पोरगी निघाल्यावरच असते."

"मग समजा ना, निघाली!"

लोक हसले. मी मोतीची ओढणी ओढली. म्हटलं, "भोजाई, चाल खाली." पण टाळ्या थांबत नव्हत्या, अन् ती टाळ्याकडं पाहून राह्यली होती. जन्मभर ज्याले कोणी हुंगलं नाही त्याले एक दिवस लोक डोक्यावर घेतात, मंग त्याचं डोकं ठिकाणावर राहते का? दुसऱ्याचं राहो, माझ्या भावजयीचं राह्यलं नाही.

ढावल्याले गळा लागते. हवेत रडता येत नाही. विमलताई नारळ द्यायले स्टेजवर आल्या होत्या. मोतीनं त्याइच्याच गळ्यात हात टाकले. विमलताईनं नव्या पातळाले मोतीच्या डोक्याचं तेल लागन म्हणून दोन्ही हात वर केले, अन् तशाच उभ्या राह्यल्या, नारळासकट. पब्लिक फुटून हसलं. मंग मोतीनं आवाज काढला अन् हसणं बंद पडलं.

मले वाटलं, जुनाच एखादा म्हणन. पण वर्षभर जो पोटात घोळवला तोच बाहेर आला. धनसिंगाचं घर आलं. वासरी आली. मायच्या गळ्यातलं आलं. बसंतीचा ढावलो, बसंतीनं अजून एकदाही न म्हटलेला, माझी भावजय कापडवाल्याच्या बायकोच्या गळ्यात पडून म्हणून राह्यली होती. पुढच्या ओळीतल्या बाया पदर तोंडाले लावून रडत होत्या. संपलं. अन् मंग मागून कोणीतरी मेला ओरडला, "वन्स मोअर!" सारं मैदान ओरडू लागलं.

अन् तिनं पुन्हा म्हटलं. हे मी तिले आजवर माफ केलं नाही. एक बार भुलली, समजू शकते. दुसऱ्या बारीले कायले?

इकडं नजीरनं एक काम केलतं. बिचाऱ्यानं भल्यासाठीच केलं. मोतीबाई गाते ते तिच्या लोकाइनं बी ऐकावं म्हणून त्यानं भोंग्याचं तोंड आमच्या तांड्याकडं फिरवून देलतं. वारा बी तिकडचाच.

तांड्यावर काय झालं ते मले मागून समजलं. लोक जेवायले बसत होते. एकदम मोतीचा ढावलो आला, धनसिंगाचं नाव घेत. लोक ताटावरून उठून धनसिंगाच्या दारात आले. "काहो, पोर निघाली अन् आम्हाले सांगतलं बी नाही?" बसंती चुलीपुढं बसली होती. आपली माय आपल्याले सासरी धाडून राह्यली, हे तिनं भाकरी टाकता टाकता ऐकलं. एकदा नाही, दोनदा. अन् माय वं, दैव बी कसं पाहा, पूनमसिंग त्याच दिवशी लग्नाची तिथी धरायले आलता. तो उठला, बैल सोडले अन् न जेवता गेला.

चौथ्या दिवशी नसाब बसली. नसाब म्हणजे आमची पंचायत. हरिसिंग नायक मधात. पूनमसिंग म्हणाला, "बापाच्या घराचं नाव घेऊन एकदा पाठवणी झाली. साऱ्या मुलखानं ऐकली. आता पाठवलेली पोरगी मी नवरी म्हणून परत कशी नेऊ? लोक म्हणतीन, पहिल्या बारीले कुठं गेलती?"

मी आदल्या दिवशी फुलसावंगीले पळत गेलती, विठ्ठलरावाच्या दुकानात. म्हटलं, "दादा, तुम्ही मोठे माणूस, नायक तुमचं मानते. फक्त येऊन सांगा, हा खेळ होता, मीच म्हणायले लावलं." त्याइनं कापडाचं थान गुंडाळता गुंडाळता मले काय सांगतलं, ऐका. "रुपीबाई, हे तुमच्या जातीतलं प्रकरण आहे. मंडळ फक्त कलेसाठी आहे. जातीच्या भानगडीत आम्ही पडत नाही." आयजीच्या जिवावर बायजी उदार! पोर आमची, रडणं आमचं, टाळ्या मंडळाच्या.

नजीर मात्र आला. कोणी बोलावलं नव्हतं. टोपी हातात घेऊन म्हणाला, "नायक, भोंगा मी फिरवला. कसूर माझा आहे, पोरीचं नुकसान नका करू." हरिसिंग म्हणाला, "नजीरभाई, भोंगा तुझा होता, पण तोंड आमच्या बाईचं होतं." त्याले पाणी पाजून वाटेले लावलं.

शेवटी नसाबनं लग्न मोडू देलं नाही. पण दोन गोष्टी ठरल्या. मैदानात म्हटलेला ढावलो पुन्हा कोणाच्या तोंडातून निघायचा नाही. अन् तांड्यातली कोणतीही पोर मोतीपाशी शिकायले बसायची नाही. मोती मान खाली घालून हो म्हणाली. पोरीचं लग्न राह्यलं, तिले दुसरं काही ऐकूच आलं नाही. घरी आल्यावर मले म्हणे, "शब्द दुसरे असतीन तं असू दे. गळा तं माझाच राहीन ना?"

बसंती त्या संध्याकाळपासून मायशी कामापुरतंच बोले. पाणी आणू का, पीठ दळू का, बस. ढावलो शिकायले ती दुसऱ्या तांड्यावर मावशीकडं जाऊन राह्यली. आमच्या अंगणात जातं होतं, मोती होती, पोरी नव्हत्या. कोणाची सगाई झाली का त्या माया आमच्या दारावरून मान फिरवून जात. अन् मंडळाचा माणूस ह्याच दिवसाइत निरोप घेऊन आला, यवतमाळले मोठा कार्यक्रम आहे, मोतीबाईले धाडा, तोच आयटम पाह्यजे. आयटम! मी त्याले खराट्यानं हाणलं असतं, पण मोतीनंच त्याले गुळाचा चहा पाजून सांगतलं, "मले आता येत नाही, दादा."

पुढच्या वर्षी लग्न झालं. निघायची वेळ आली. सारा तांडा दाटून उभा होता. बैल सजवून आणला होता. बसंती पहिले धनसिंगाच्या गळ्यात पडली. काय रडली पोर! मावशीनं शिकवलं असन, पण खेकसणं मोतीचंच कामी आलं होतं, एकेक शब्द मोकळा ऐकू येत होता. मंग भावाच्या, काकाच्या, हरिसिंग नायकाच्या. मंग माझ्या. माझी अंगातली काचळी तिच्या आसवानं भिजली, मी तिले सोडेच ना.

आता माय राह्यली.

मोती ओढणी सावरून केव्हाची उभी होती. बसंती तिच्यापुढं आली तशी बाया सरकल्या, जागा केली. मोतीनं दोन्ही हात पुढं केले. बसंती एका हाताच्या अंतरावर थांबली. ढावलो उचलला नाही. हळूच बोलली, मी जवळ होती म्हणून मले ऐकू आलं.

"याडी, तुझ्या गळ्यातलं तं तू त्या बाईच्या गळ्यात रडून आली. आता मी काय रडू?"

अन् वाकून पाया पडली, जशी परक्या म्हातारीच्या पडतात तशी, अन् बैलाकडं गेली. भावानं तिले वर चढवलं. घुंगरं वाजली, लोक मागं मागं चालू लागले, धूळ उडाली. मी वळून पाह्यलं तं मोती तिथंच होती, दोन्ही हात तसेच पुढं केलेले. तिले ते खाली घ्यायचं सुचत नव्हतं. मीच जाऊन घेतले.