सडक्या पेरूचं पान

एका अक्षयतृतीयेला मी आमची वेबसाइट झाडून-पुसून स्वच्छ केली, आणि त्या स्वच्छतेपायी रोपवाटिकेचा अख्खा हंगाम बुडवला. तेव्हा मी साठीची कोवळी पोर होते, अक्कल यायची होती. आता नातवंडांपुढे मी शहाण्यासारखी बसते, पण त्या कोवळ्या बाईचे कान उपटावेत असं अजून वाटतं. तिच्यामागोमाग संतापरावांचेही.

खरं नाव प्रतापराव. बारामतीत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि या माणसाचा राग नमस्काराच्या आधी घरात शिरायचा. फोन उचलला की "हॅलो" नाही, थेट "काय बिघडवलंत?" काही बिघडलेलं नसलं तर आणखीनच चिडायचे. "मग फोन कशाला केला?"

अंथुर्ण्याला आमची पेरूच्या रोपांची रोपवाटिका. तिची वेबसाइट त्यांनीच बनवली होती. एकदा ते ओट्यावर बसले असताना मी फोनवर कुणाला तरी समजावत होते, पेरूत अळी का होते, माशी कधी बसते, फळं कशी झाकायची. मी फोन ठेवला तशी स्वारी उसळली. "एकाला सांगून काय उपेग, वहिनी? लिवा की! बोलता तसंच लिवा." मी लिहिलं. त्यांनी त्यावर चिरलेल्या सडक्या पेरूचा फोटो लावला, आत वळवळणाऱ्या अळ्यांसकट. वेबसाइट उघडली की मी आधी तोंड फिरवायचे.

आता त्यांचं चुकलं कुठं, तेही सांगते. वेबसाइट चालवायची सगळी यंत्रणा त्यांनी स्वतःच्या डोक्यानं बांधलेली, त्यामुळे ती त्यांच्याशिवाय कुणाला कळायची नाही. साधा रोपाचा दर बदलायचा तरी त्यांना फोन, आणि त्यावर "कालच तर बदलला!" हे ऐकायचं. मोबाईलवर तर अक्षरं मुंग्यांएवढी दिसत. मी म्हटलं, "प्रतापराव, मला अशी सिस्टिम हवी, जिच्यात माझी मला पानं बदलता येतील." यात काही चूक नव्हती. आजही नाही.

पण हा माणूस बायकांसमोर माझ्यावर ओरडला. फांदीला गुटी बांधून नवी रोपं तयार करणाऱ्या आमच्या चौघी, सुमन आणि तिच्या सोबतिणी, हातातलं काम थांबवून बघत राहिल्या. "घ्या की नवी! मी कवा न्हाय म्हटलं? पण शिजनच्या तोंडावर न्हाय! जुन्या पानाचा पत्ता नव्या पानाला जोडल्याबिगर एक पान हलवू नका. मजकूर हाय तसा न्या. नटवायचं ते मागनं नटवा!" प्रत्येक शब्द सोन्याचा होता. पण समोरच्यानं ऐकावं असं जे असायचं, ते त्यानं मुळीच ऐकू नये अशा आवाजात सांगायची या गृहस्थाला खोडच होती. मला फक्त अपमान ऐकू आला.

मग मी पुण्याची एक कंपनी गाठली. तिथल्या तरुणानं पडद्यावर डुलणारा पेरू दाखवला आणि मी विरघळले. सूनबाई म्हणाली, "आत्या, प्रतापरावांना एकदा विचारूया." मी म्हटलं, "शिव्या खायला मला वेळ न्हाय." वैशाखात रोपांचं बुकिंग ऐन भरात असतं हे मला ठाऊक होतं, पण मुहूर्त चुकवायचा कसा? अक्षयतृतीयेलाच नवी वेबसाइट उघडायची ठरलं. कंपनीच्या तरुणानं विचारलं, "जुनी पानं ठेवायची का?" मी ऐटीत म्हटलं, "सणासुदीला दारात सडका पेरू कशाला? पुसून टाका." तो म्हणाला, "ओके मॅडम."

त्या "ओके"चा मला अजून संताप येतो. ज्याचं पोट या धंद्यावर, त्यानं ग्राहकाला विहिरीत उडी मारताना बघायचं आणि "ओके मॅडम" म्हणायचं?

नवी वेबसाइट उघडली आणि फोन वाजायचे थांबले. पिशव्यांतली रोपं वाढत गेली, मुळ्या आतल्या आत गुंडाळल्या गेल्या. विक्री नाही तर नवी गुटी कशाला बांधायची? चौघींना मी घरी पाठवलं. सुमननं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती निघाली.

शेवटी सूनबाईनं परस्पर फोन केला. संतापराव आले ते हेल्मेट न काढताच सुरू झाले. "वहिनी, लोक तुमच्या दारातनं येत न्हाईत, सडक्या पेरवातनं येत्यात! ज्याच्या बागंत अळी पडती त्यो मोबाईलवर अळी शोधतो. तुमचं पान पयलं दिसतं, त्यो वाचतो, त्याचा इस्वास बसतो, मग रोप मागतो. आता तितं बोट लावलं की 'पान सापडत नाही'!" आणखी एक निघालं. नवी वेबसाइट बांधत असताना ती सर्चमध्ये दिसू नये म्हणून घातलेली बंदी कंपनीनं उठवलीच नव्हती. संतापरावांनी त्या तरुणाला फोन लावला. ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत, पण मी मात्र ते चवीनं ऐकले.

मग ते रोज येऊन ओट्यावर बसले. आपल्याकडच्या जुन्या प्रतीतून पानं परत आणली, एकेक जुना पत्ता नव्याला जोडला. नवी सिस्टिम ठेवली. एकदा पुटपुटलेही, "हाय बरी. माझी जुनी भंगारातच जायची हुती." एवढी एकच कबुली, तीही माझ्याकडे न बघता.

सर्चमध्ये पानं वर यायला काही महिने गेले. तोवर हंगाम गेला आणि वाढलेली रोपं आम्ही खड्ड्यात ओतली.

गेल्या हिवाळ्यात संतापराव गेले. मी भेटायला गेले तर घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. मला चीड आली. त्या घरात कुणीतरी एकदा खच्चून ओरडायला हवं होतं. आता मी काही बिघडवलं तर मला विचारणारं कोण आहे?

तेव्हा, पानं सर्चमध्ये वर आल्यावर, पेरूतली अळी शोधत आलेल्या एका बागायतदाराचा पुन्हा पहिला फोन आला, रोपांची ऑर्डर मिळाली, त्या दिवशी मी हरखून प्रतापरावांना कळवलं होतं. वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "मला कशाला सांगताय? त्या चौघी बाया कुणाच्या रानात राबत्यात, बघितलं का? आधी त्यांच्याकडं जावा. फोन करू नका, चालत जावा. आन् त्या काय बोलतील ते खाली मान घालून ऐकून घ्या."