मिलोवरचं दळण

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत कुणीही आलं की डबा खाली ठेवण्याआधी विचारायचं, "आधी कशाचं पडलंय?" मागच्याचं थोडं पीठ दगडांत राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं, हे नगरमधल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. त्यामुळे गव्हावर गहू टाकायचा, जोंधळ्यावर जोंधळा. बाजरीवर गहू टाकायची वेळ आली तर बाई डबा तसाच उचलून घरी जायची आणि तासाभराने परत यायची. उपासाची भगर असेल तर सकाळी पहिला नंबर, कारण तेव्हा दगड झाडून घेतलेले असत. मला ही सगळी नीटनेटक्या संसाराची रीत वाटायची. आज तो प्रश्न नुसता आठवला तरी तोंडाला आंबट पाणी सुटतं.

गिरणीवाल्यांना सगळी गल्ली मामा म्हणायची. ते मूळचे नेवासे तालुक्यातले. घरची जमीन भावांना सोडून नगरला आले आणि वेशीच्या आत दोन खणांच्या जागेत त्यांनी तेलाच्या इंजिनावर गिरणी टाकली. इंजिनाच्या धुराड्यावर पत्र्याचा एक डबा उपडा घातलेला होता, त्याचा टुकटुक आवाज पार पेठेपर्यंत जायचा. आवाज बंद झाला की बायका म्हणायच्या, मामा जेवायला बसले.

मी पारनेरकडच्या एका खेड्यातून कॉलेजला आलो तेव्हा गावाहून आणलेल्या जोंधळ्याचं पहिलं दळण याच गिरणीत टाकलं. मामांनी माझी चौकशी केली आणि त्यानंतर चार वर्षं मला कधी रांगेत उभं राहू दिलं नाही. परीक्षेच्या दिवसांत तर माझा डबा त्यांनी स्वतः खोलीवर आणून दिला. मी बी.ए. झालो तेव्हा माझ्या घराण्यात मॅट्रिकसुद्धा कुणी नव्हतं. मामा गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "आमच्या गिरणीचं पीठ खाऊन बी.ए. झाला ह्यो भाचा. तुमी नुसतेच फुगता." बायका हसायच्या. मी लाजायचो, पण मनातून फार सुखावायचो. शिकवणाऱ्या गुरुजींइतकेच या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, असं मी तेव्हा म्हणायचो आणि ते खरं होतं.

पुढे मला कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. मी गल्ली सोडली नाही. तिथल्याच किराणा दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहू लागलो. दुकानाच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. गल्लीत शिकलेला आणि नोकरीतला असा मी एकटाच, म्हणून सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे येऊ लागले. रेशनकार्डात नाव घालणे, नळाची तक्रार, मुलाची फी माफ करणे. कुणाचा अर्ज मी परत पाठवला नाही. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या दोन-तीन वर्षांत गल्लीतले धंदे भराभर बदलत होते. कल्हईवाला भाता गुंडाळून निघून गेला आणि त्याच्या जागी स्टीलच्या भांड्यांचं दुकान आलं. कोपऱ्यावरच्या दोन घरांत हातमागाची खटखट असायची, ती थांबली. त्या घरांतल्या बायका विड्या वळायला बसू लागल्या. शेठच्या दुकानात काचेचं कपाट आलं, नंतर वजनाचा नवा काटा आला.

अशात पाऊस दगा देऊ लागला आणि रेशनवर मिलो आली. बाहेरच्या देशातून आलेली ही ज्वारी, तांबूस, विटकरी रंगाची. पोतं उघडलं की कोंदट वास यायचा. दाण्यात किडे असायचे. भाकरी थापताना चिरायची आणि भाजल्यावर गेरू फासल्यासारखी दिसायची. सुरुवातीला ती कोण नेत होतं तर ज्यांना दुसरं काही मिळत नव्हतं ते. विड्या वळणाऱ्या, हमाल, गल्लीच्या टोकाच्या वस्तीतली बौद्ध मंडळी, खेड्यातून खडी फोडायच्या कामावर आलेली माणसं. ज्यांच्याकडे गावाकडून जोंधळा यायचा किंवा जे शेठकडून विकत घेऊ शकत होते, त्यांनी मिलोला हातही लावला नाही. आमच्या समोरच्या वहिनी म्हणायच्या की हे त्यांच्या देशात जनावरांना घालतात. कुठून ऐकलं होतं ते त्यांनाच माहीत, पण आठ दिवसांत सगळ्या गल्लीच्या तोंडी तेच वाक्य झालं.

आता गिरणीतल्या त्या प्रश्नाला वेगळीच धार आली. आधी मिलो पडली असेल तर कुणी आपलं दळण टाकेना. मामांनी मग दुपारी बारा ते दोन मिलोची वेळ ठरवून दिली. दोन वाजता ते आपल्या घरच्या जोंधळ्याची मोठी ओंजळ दगडांत टाकत आणि दगड साफ करत. त्या ओंजळीचं तांबडं-पांढरं पीठ भिंतीलगतच्या एका वेगळ्या डब्यात जाई. मी एकदा विचारलं, हे कुठे टाकता? मामा म्हणाले, "टाकतोय कशापायी? घरी खातो." त्यांच्या घरी सहा माणसं होती. आमचं पीठ पांढरं राहावं म्हणून त्यांच्या घरातल्या भाकरी रोज तांबड्या होत होत्या. हे मला तेव्हा कळलं होतं. न कळण्याचा बहाणा मी आज करणार नाही.

एवढं करूनही तक्रारी थांबल्या नाहीत. वहिनींना एक दिवस पिठात लाल ठिपके दिसले. त्यांनी सगळ्यांसमोर डबा गिरणीच्या दारातल्या गटारात रिकामा केला. बाराच्या वेळेसाठी आधीच येऊन बसलेल्या चार-पाच बायका समोर होत्या. त्यांच्या मांडीवर मिलोची गाठोडी होती. त्यातली एक म्हातारी गटारातल्या त्या पांढऱ्या पिठाकडे बघतच राहिली. वहिनी जाताना म्हणाल्या की कुणाकुणाच्या दळणावर आमचं दळण टाकता, त्याचा विचार करा. धान्याचं नाव त्यांनी घेतलंच नाही. बसलेल्या बायकांना काय समजायचं ते समजलं. मलाही समजलं. मी डबा घेऊन तिथेच उभा होतो.

इंजिन आता जुनं झालं होतं. मामांना विजेची मोटर बसवायची होती. त्यासाठी परवान्याच्या कचेरीत अर्ज करायचा होता आणि शेजाऱ्यांची हरकत नाही असं दाखवावं लागणार होतं. अर्ज अर्थातच मी लिहिला. "धूर व आवाज यांचा त्रास कायमचा दूर होईल," असं त्यात घातलं. शेजाऱ्यांच्या सह्याही मीच फिरून आणल्या. वहिनींनीसुद्धा केली. मामांनी अर्ज डोळ्यांजवळ धरून पाहिला. त्यांना वाचता जेमतेम यायचं. कागद त्यांनी पिठाचे हात धोतराला पुसून मग उचलला होता.

पंधरा दिवसांनी शेठनी मला रात्री त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. वहिनींचे यजमान होते, गल्लीतले आणखी तिघे होते. पुरणपोळी होती. विषय निघाला तो गल्लीच्या आरोग्याचा. मिलोमुळे किडे होतात, नको ती माणसं दुपारभर गल्लीत बसून राहतात, मोटर बसली तर ही गर्दी दुप्पट होईल. कचेरीत हरकतीचा अर्ज द्यायला हवा आणि तो नीट शब्दांत हवा. शेठ म्हणाले, "तुमच्यासारखं लिहिणारं आहे कोण इथं?"

मी आढेवेढे घेतले. मामांचा अर्ज मीच लिहिला आहे, असंही सांगितलं. त्यावर शेठ हसून म्हणाले की वकील नाही का दोन्हीकडच्या बाजू जाणत, तुम्ही फक्त लिहा, सह्या आमच्या. खोली त्यांची होती. पण खोली गेली असती म्हणून मी लिहिलं, असं म्हणणं खोटं होईल. मला चार प्रतिष्ठित माणसांत बसवलं होतं, माझ्या लिहिण्याची वाट पाहिली जात होती, हे मला आवडलं होतं. शिवाय मागच्याच आठवड्यात माझ्या पिठात लाल ठिपके निघाले होते आणि मीसुद्धा ती भाकरी कुत्र्याला घातली होती.

मी लिहिलं. आधी "निकृष्ट" हा शब्द घातला होता. तो कमी वाटला म्हणून खोडून "किळसवाणे" असं केलं. "सदर किळसवाणे धान्य मानवी आहारास योग्य नसून" हे वाक्य मी मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा शेठनी मान डोलावली. मामांच्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यातल्या पाच जणांनी या कागदावरही केल्या. मी सही केली नाही आणि त्याचं मला समाधान वाटलं. आपण कोरडे राहिल्याचा तो आनंद आठवला की आजही माझी मलाच शिसारी येते.

त्याच महिन्यात मी गावी गेलो होतो. आईने मला जोंधळ्याची पांढरी भाकरी वाढली. स्वतः चुलीपाशी बसून ती तांबडी भाकरी खात होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ही तुला चालायची न्हाई, तू नोकरीवाला. मी वाद घातला नाही. पांढरी भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने नगरला आलो.

काही दिवसांनी मामांना परवान्याच्या कचेरीत बोलावलं. त्यांनी मला बरोबर नेलं. भाच्याला कचेरीतली भाषा कळते म्हणून. मी जायला नको होतं, पण नाही म्हणायलाही कारण सुचलं नाही. तिथल्या साहेबांनी फाईल उघडली आणि दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. हरकत आली आहे, त्यामुळे चौकशी होईपर्यंत कागद बाजूला राहील, असं त्यांनी सांगितलं. मामा वाकून बघत होते. त्यांना नीट वाचता येत नव्हतं तरी अक्षराचं वळण दिसत होतं. माझा र खाली लांब शेपटीसारखा जातो. दोन्ही कागदांवर तीच शेपटी होती.

बाहेर आल्यावर मामांनी तंबाखू मळली. तोंडात टाकली. मग म्हणाले, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं. दोन्हीकडं सारखंच."

इतकी वर्षं ते मला तू म्हणत होते. त्या दिवशी तुमचं म्हणाले. मी काहीतरी बोलायला लागलो, तर ते सायकलला टांग मारून पुढे निघून गेले.

चौकशी झालीच नाही. पावसाळ्याआधी इंजिनाचा एक भाग तुटला. तो बदलायला मामांनी दोन दिवस खटपट केली आणि नंतर फळ्या लावून टाकल्या. धुराड्यावरचा डबा कुणीतरी काढून नेला. मग दिवाळीच्या सुमाराला शेठनी दुकानाला लागूनच विजेची गिरणी सुरू केली. त्यांच्या अर्जाला कुणाची हरकत नव्हती. म्हणजे त्या रात्रीची पुरणपोळी कशासाठी होती ते मला दिवाळीत कळलं. दारावर पाटी लागली, "येथे मिलो दळून मिळणार नाही." वहिनींनी उद्घाटनाला आरती ओवाळली. पहिलं दळण त्यांचंच पडलं. वस्तीतल्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन पार दुसऱ्या पेठेत जाऊ लागल्या. गल्ली स्वच्छ झाली, असं सगळे म्हणाले.

ती स्वच्छता एक हिवाळाही टिकली नाही. बाहत्तरचा पाऊस पडलाच नव्हता. गावाकडून येणारा जोंधळा बंद झाला, शेठच्या दुकानातली पोती गायब झाली. कुठे गेली ते विचारायची कुणाची छाती नव्हती. रेशनच्या रांगेत आता गल्लीतली सगळी घरं उभी राहिली आणि सगळ्यांच्या पिशव्यांत मिलो पडली. एका सकाळी शेठच्या गिरणीवरची पाटी पांढऱ्या रंगाने पुसलेली दिसली. रंग पातळ होता, खालची अक्षरं वाचता येत होती. दिवसभर मिलो दळली जात होती. दगड झाडायला, ओंजळभर जोंधळा टाकायला तिथे कुणाला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती, कारण मिलोवर मिलोच पडत होती. वहिनी पदराखाली डबा झाकून यायच्या. वस्तीतल्या बायका परत येऊ लागल्या होत्या आणि त्यांच्या मागे वहिनींचा नंबर लागायचा. कुणीही कुणाला काही विचारत नव्हतं.

मीही एक दिवस डबा घेऊन गेलो. आत मामा होते. गिरणीच्या दगडांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीने ते खरबरीत करायचे, हे काम शेठच्या नोकरांना जमत नव्हतं, म्हणून शेठनी मामांना रोजावर ठेवलं होतं. सुट्टा केलेला दगड पुढ्यात घेऊन ते ठोकत बसले होते. भुवया पिठाने आणि दगडाच्या भुकटीने पांढऱ्या झालेल्या. मी डबा रांगेत ठेवला. मामांनी वर पाहिलं. छिन्नी थांबली.

"आधी कशाचं पडलंय, ते न्हाई इचारलं सायेब?"

त्या दिवशी गटारातल्या पिठाकडे बघत राहिलेली म्हातारी रांगेत होती, ती हसली. एकटीच. वहिनी खाली बघून डब्याचं झाकण दाबत राहिल्या. मामांनी पुन्हा ठोकायला सुरुवात केली.

माझं दळण झालं. खोलीवर येऊन मी स्टोव्ह पेटवला आणि दोन भाकरी थापल्या. चिरल्या, कडा तुटल्या, पण भाजल्या गेल्या. मिठाबरोबर एक घास खाल्ला, मग दुसरा. भाकरी जरा कोरडी होती, घशात थोडी अडकत होती. एरवी चवीला काही वाईट नव्हती. अर्ज लिहिला तेव्हा मी मिलो चाखलेलीच नव्हती.