थेल्माच्या तोंडाची डावी बाजू

पोर्ट टेरिनच्या क्लेम पास्कोने चित्रं काढायला घेतली ती मटणाचं दुकान विकल्यावर. चाळीस वर्षं मेंढ्या सोलल्यामुळे कोळशाने माणूस काढतानाही तो आधी सांधे सुटे करायचा. इथे नाक, इथे कान, मधे जाड रेघ. चित्र बघून लोकांना रविवारचं जेवण आठवायचं.

बायका रागावल्या तसा तो कोळसा बोटाने चोळू लागला. सुरकुत्या गेल्या. गावातली प्रत्येक बाई सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी दिसू लागली आणि क्लेम सगळ्यांचा लाडका झाला. पण शेतकी प्रदर्शनातली निळी फीत, म्हणजे पहिला नंबर, काही मिळेना. अकरा वर्षं दुसराच. एका वर्षी तर स्पर्धेत दोघंच होते.

मग ॲडलेडहून एक शिक्षिका आली. "आधी सगळा कागद काळा करा. मग पावाच्या मऊ तुकड्याने पुसून उजेडाच्या जागा पांढऱ्या करा. आणि दिसतं तेच काढा." झालं! पोस्टमास्तरच्या हनुवट्या तीन, तर क्लेमने तीन काढल्या. पाद्रीबाबांच्या नाकातले केससुद्धा गाळले नाहीत. महिन्याभरात त्याच्यापुढे बसायला गावात कुणी उरलं नाही.

उरली त्याची बायको, थेल्मा. जानेवारीत तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. तोंडाची डावी बाजू लोंबत होती आणि तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता.

"अगं, काय सावली पडलीय गालाखाली!" क्लेम खुशीत ओरडला. "हलू नकोस."

"लाळ गळतेय माझी, मेल्या."

"गळू दे. तिथेच तर उजेड आहे."

सहा आठवड्यांनी चित्र झालं. प्रदर्शनाचा हॉल मी सांभाळतो; त्यांच्या घरी जाऊन मी ते पाहिलं आणि अंगावर काटा आला, इतकं ते चांगलं होतं.

"हे घराबाहेर जाणार नाही," थेल्माने बजावलं.

"छे, छे," क्लेम म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी प्रदर्शनात देऊन आला. कोळसा पक्का करायचा फवारासुद्धा मारला नाही. त्याने काळा रंग मरतो म्हणे.

प्रदर्शनाच्या सकाळी हॉलची चावी माझ्याकडे होती. दारात थेल्मा उभी. डोक्यावर चर्चची टोपी, हातात पांढऱ्या पावाचे दोन तुकडे.

"डेस, दार उघड."

"परीक्षक यायचेत गं. नियम आहे."

"माझं तोंड बघ. नीट बघ. बघितलंस? आता उघड."

मी उघडलं.

तिने पावाने आधी चित्रातला ओठ पुसला, मग गाल, मग डोळा. क्लेम आला तेव्हा काळ्या कागदाच्या मधोमध नुसतं पांढुरकं भोक उरलं होतं.

"गावभरच्या बायकांना सुंदर काढलंस," ती म्हणाली. "माझी वेळ आली तेव्हाच खरं बोलायचं सुचलं होय रे?"

क्लेमने तोंड उघडलं, तेवढ्यात परीक्षक आले. भोकापुढे बराच वेळ थांबले. "काय धाडस!" म्हणाले, आणि निळी फीत टाचली.

खरा एक शब्द बोलला असता तर फीत गेली असती. क्लेमने फितीकडे पाहिलं, थेल्माकडे पाहिलं.

"आभारी आहे, साहेब," तो म्हणाला. "ही माझी बायको. चित्रासाठी हीच बसली होती."

परीक्षकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि झटकन नजर वळवली. "अजिबात ओळखू येत नाहीत!"

थेल्मा हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदाच, आणि अर्ध्याच तोंडाने.