अक्कांच्या पाठीवरचं ग्रहण

आमच्या आकाशमंडळाचा एक नियम होता. निरीक्षण सांगायला उभं राहिलं की आधी ठिकाण, मग साधन, मग वेळा सांगायच्या, आणि सचिवांनी ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. सचिव म्हणजे माझे यजमान. जळगावातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत दर रविवारी आम्ही पंधरा-वीस जण जमायचो, त्यात बाई मी एकटीच. आमचं लग्न जमलं तेही तिथेच. मला वाटलं होतं, बाई गं, दुर्बीण असलेल्या घरात पडतेस, नशीब काढलंस!

पंच्याण्णव सालची दिवाळी आली, आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. वर्षभर मंडळाला दुसरा विषय नव्हता. पुठ्ठ्याचे काळे चष्मे मी घरात बसून चिकटवले, खळ शिजवून शिजवून पातेलं खराब केलं. जळगावजवळच्या असोद्याच्या पटांगणावर गावाला ग्रहण दाखवायचं ठरलं आणि वेळा टिपायचं काम माझ्याकडे आलं. मला तेव्हा सातवा महिना होता, पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. भाषणांतून आम्हीच तर सांगत होतो, गरोदर बाईला ग्रहणाने काही होत नाही म्हणून.

आदल्या आठवड्यात धुळ्याकडच्या गावाहून सासूबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. त्यांनी एकदाच सांगितलं, "तुना पोटमा लेकरू शे. त्या दिवशी कोठीमाच बस." मी यजमानांकडे पाहिलं. गावोगावी ठणकावून बोलणारा माणूस, बुटाची नाडी बांधत बसला.

"आईला कशाला दुखवायचं?" ते म्हणाले. "दोन-अडीच तासांचा तर प्रश्न आहे. पुढच्या वेळी बघ."

पुढच्या वेळी! जशी काही एसटीच चुकली होती, मागून दुसरी येणारच होती.

त्या सकाळी अक्का आणि मी धान्याच्या कोठीत बसलो. मांजर किंवा शेजारची पोरं दार ढकलतील म्हणून अक्कांनी बाहेरून कडी घालायला सांगितली. ती यजमानांनी घातली. मग माझ्या चष्म्यांची पिशवी घेऊन ते असोद्याला गेले. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत मी ऐकत होते, आणि मला इतकं रडू आलं की पोटातलं लेकरूसुद्धा हललं.

पाणी प्यायचं नाही, काही कापायचं नाही, टोकदार काही धरायचं नाही. पेन्सिलही अक्कांनी काढून घेतली. मला त्यांनी खिडकीखालच्या कोपऱ्यात बसवलं, आणि स्वतः ग्रहणाला पाठ करून, दाराकडे तोंड करून डोळे मिटून बसल्या. खिडकीची फळी लावलेली, फटींत चिंध्या कोंबलेल्या. काळोख म्हणजे काळोख! उकाड्याने आणि ज्वारीच्या वासाने जीव घुसमटायला लागला.

मग दारावर रुपयाएवढा उजेड दिसला. फळीतला एक खिळा निखळला होता, तेवढं भोक अक्कांच्या नजरेतून सुटलं होतं. त्या उजेडाच्या गोलाला एका कडेने चावा पडलेला होता. मंडळात सूचिछिद्र कॅमेऱ्याचा हा प्रयोग आम्ही पुठ्ठ्याचं खोकं घेऊन कितीदा केला होता, पण खोली कधी इतकी अंधारी जमली नव्हती. अक्कांनी मला कोंडायला कोठी अंधारी केली आणि तीच कॅमेरा झाली.

सूर्य वर चढला तसा तो तुकडा दारावरून उतरत अक्कांच्या पांढरट लुगड्यावर आला. थेट पाठीवर. साडेआठच्या सुमाराला तिथे बीजेच्या चंद्रासारखी कोर उरली होती. मी श्वास रोखून बघत होते. त्या मागे वळल्या असत्या तर भोक बुजलं असतं. घड्याळ त्या उजेडात धरून मी वेळा पुटपुटत पाठ करत होते.

"जप करस का?" त्यांनी न वळता विचारलं.

"हो अक्का."

"कर माय, कर."

पुढच्या रविवारी प्रयोगशाळेत यजमानांनी असोद्याची हकिगत सांगितली. एका पोटुशी बाईला त्यांनी स्वतः घरातून बाहेर बोलावलं, चष्मा दिला, ग्रहण दाखवलं. टाळ्या पडल्या. मग मी उभी राहिले.

"ठिकाण, आमच्या घरातली धान्याची कोठी. बाहेरून कडी. साधन, फळीतलं खिळ्याचं भोक आणि सासूबाईंची पाठ." लोक हसले. मी वेळा सांगितल्या. सगळ्या वेळा असोद्याच्या वेळांशी जुळल्या. अध्यक्ष म्हणाले, "वा, वहिनी!"

घरी आल्यावर मी वही उघडली. माझ्या वेळा बिनचूक उतरवल्या होत्या. ठिकाणापुढे यजमानांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "असोदा."