घर कोन्या बाजूले

पहाटे तीनला उठलेल्या माणसाला दुपारी दोन वाजता कोणी काही विचारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशीचं आमचं ते चौथं उड्डाण होतं, हैदराबादहून नागपूर. मे महिना. कॅप्टन पंचावन्नच्या घरातले, मी त्यांची सहवैमानिक. विमान ते चालवत होते. रेडिओवर बोलणं, आकडे लावणं, तपासणीच्या याद्या वाचणं माझ्याकडे होतं. दोघांचेही डोळे चुरचुरत होते.

खाली हिंगणघाट दिसलं. आटलेली वेणा, गिरणीचे पत्रे. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे आमचं गाव." आमच्या जिल्ह्यातल्या माणसासमोर एवढं बोललं की तो तिथे थांबत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

"तू हिंगणघाटची? मंग पयलेच काऊन नाई सांगतलं?" कॅप्टन खुलले. ते आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजा घाडग्याचे, घरी भाजीपाल्याची शेती. सकाळपासून आम्ही हिंदी-इंग्रजीत जेवढ्यास तेवढं बोलत होतो, आता एकदम वऱ्हाडी सुरू झालं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. दहा हजार फुटांखाली आल्यावर विमानाखेरीज दुसरं काही बोलायचं नाही, असा नियम आहे. आम्ही त्या उंचीखाली आलो तरी बोलत होतो.

नागपूरने हवेचा दाब कळवला, एक हजार एक. आमचं उंचीचं यंत्र या दाबावर चालतं. वर असताना सगळी विमानं एकच ठरलेला आकडा लावतात, उतरताना मात्र त्या गावचा आकडा लावावा लागतो. उन्हाळ्यात विदर्भात दाब उतरलेला असतो. जुना आकडा तसाच राहिला तर यंत्र जास्त उंची दाखवतं आणि विमान त्याहून खाली असतं. दोघांनी आपापलं बटण फिरवायचं, आकडा मोठ्याने म्हणायचा, जुळवायचा. सुरुवात मी करायची. मी रेडिओवर आकडा परत म्हटला, हात बटणाकडे नेला, आणि कॅप्टननी विचारलं, "घर कोन्या बाजूले मंग तुमचं?"

हात तिथेच राहिला.

माझं आडनाव दोन्हीकडे चालतं, आमच्यातही आणि वरच्या म्हणवणाऱ्या जातींतही. त्यामुळे ज्याला शोध घ्यायचा असतो त्याचं आडनावावर भागत नाही, तो घराची बाजू विचारतो. आमचं घर बुद्धविहाराला लागून आहे. गिरणीतून निवृत्त झालेले माझे बाबा पत्ता सांगताना विहारापासूनच सुरुवात करतात, छाती पुढे काढून. मी नागपूरच्या हॉस्टेलवर गेले तेव्हापासून नुसतं "गिरणीजवळ" म्हणते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. शाळेत, हॉस्टेलवर, भाड्याची खोली बघताना, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचा रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो. त्या दिवशीही "गिरणीजवळ" म्हणून मोकळी झाले असते. पण माणूस चांगला वाटत होता, आणि चांगल्या माणसाला अर्धं सांगायचं जिवावर आलं. पुरतं सांगायलाही जीभ उचलेना. मी त्याच विचारात राहिले.

"गिरणीजवळ," मी शेवटी म्हणाले. मग यादी वाचली. उंचीच्या यंत्राचं नाव घेतलं, कॅप्टन "सेट" म्हणाले, मीही म्हणाले. यंत्राकडे दोघांनीही पाहिलं नाही.

थोड्या वेळाने नागपूरच्या कंट्रोलरचा शांत आवाज आला, "उंची तपासा. दाब एक हजार एक." मी यंत्राकडे पाहिलं. जुनाच आकडा. यंत्र दाखवत होतं त्याहून आम्ही जवळपास साडेतीनशे फूट खाली होतो. मागे दीडशेच्या वर माणसं बसलेली, त्यातली निम्मी झोपलेली असतील. कॅप्टननी विमान वर घेतलं, आम्ही आकडे लावले, उतरलो. दारात उभं राहून सगळ्यांना नमस्कार केला. एक आजी मला म्हणाल्या, "छान आनलं हो बाई."

लेखी जबाब दोघांनाही द्यायचा होता. बाहेर गाडीची वाट बघताना कॅप्टन म्हणाले, "कामाचा ताण होता, असं लिहून टाकजो. गावच्या गप्पा कायले लिहाच्या? तुझे कॅप्टन व्हाचे कागद वर गेले आहेत." ते माझ्या भल्याचंच सांगत होते.

तीन दिवसांनी ऑफिसात कोरा फॉर्म समोर आला. चौकशीचे साहेब दूरच्या राज्यातले होते. त्यांनी कॉकपिटमध्ये रेकॉर्ड झालेलं आमचं बोलणं भाषांतरासकट ऐकलं होतं. "घर कुठे, एवढंच तर विचारलं," ते म्हणाले. "दोन शब्दांचं उत्तर. त्यात अडकण्यासारखं काय होतं?" त्यांना समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. कामाचा ताण लिहिलं असतं तर वेळ मारून नेता आली असती. पण माझ्यानंतर कुणाचा तरी हात असाच थांबेल, आणि तेव्हा कंट्रोलरचं लक्ष असेलच असं नाही, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

मी लिहिलं: "मला माझ्या घराचा पत्ता विचारला. तो खरा सांगावा की नाही हे ठरवण्यात माझा वेळ गेला. त्या वेळात दाबाचा आकडा लावायचा राहिला." त्या तीन वाक्यांनी माझं कॅप्टन होणं वर्षभर लांबलं.

कॅप्टननी ते वाचलं त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "मी काऊन विचारलं तेच मले सांगता येत नाई. आपल्याकडे विचारतातच." मी म्हणाले, "हो सर, विचारतातच."

ऑफिसात त्या दिवशी, सही करण्याआधी मी फॉर्म वरपासून पुन्हा वाचला होता. पहिल्याच रकान्यात, कायमचा पत्ता. तिथे मी आल्याआल्या, हाताच्या सवयीने लिहून ठेवलं होतं, गिरणीजवळ. ते खोडलं. वर लिहिलं, विहाराला लागून. खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते. ती केली.