भिंतीतला दिवा

छतावर सौर पॅनल बसले आणि वायर आत घ्यायला कारागिराने भिंतीत ड्रिल घातलं. लातूरच्या माझ्या घरात धुळीचा कोरडा वास पसरला आणि मला देगलूरजवळचं आमचं मातीचं घर आठवलं.

सरकारी योजनेतून तेव्हा आमच्यासारख्या घरांना एकच दिवा मिळायचा. तो दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बैठकीत हवा होता, आईला चुलीपाशी.

"पाव्हणे उजेडात बसणार अन् म्या अंधारात भाकरी भाजू व्हय?" आई म्हणाली.

"मग पाव्हण्यांना चुलीपाशी बसवू का?" दादा म्हणाले.

शिडीवरचा वायरमन वैतागला. "लवकर ठरवा. सगळी गल्ली बाकी हाय माझी."

आईने पहार उचलली आणि मधल्या भिंतीला हातभर भोक पाडलं. माती भदाभदा पडली. दिवा त्या भोकात लागला, निम्मा उजेड इकडे, निम्मा तिकडे.

आईने उजेड मिळवला, असं मला तेव्हा वाटलं. पण त्याच संध्याकाळी बैठकीत काका बाजारातल्या बढाया मारत होते आणि भोकातून आवाज आला, "झूट हाय ते. म्या बी होते की बाजारात." सगळे हसले, काकासुद्धा. त्याआधी आई बैठकीतल्या बोलण्यात कधी पडली नव्हती.

पुढे खोलीखोलीत दिवे आले. दादा भोक बुजवायला माती कालवू लागले.

"हात तर लावून बघा," आई आतून म्हणाली.

दादांनी त्या मातीने निमूट चूल लिंपली.