खालच्या पेटीचा रविवार

सोमवार उजाडला की आमच्या रेडिओ केंद्रात फाइली उघडत नसत. मी निधनवार्ता वाचते. कोण गेलं, दफन कधी, हे ऐकूनच बाहेरच्या बेटांवरची माणसं बोटीत चढतात. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावरचं चक्र नुसतं गरगरत बसायचं. मग मी ओरडायची. यंत्रं सांभाळणाऱ्या मानासेवरच, कारण ओरडायला दुसरं होतं कोण?

यंत्रांच्या खोलीत एकावर एक संगणकाच्या तीन पेट्या. तिघींवर लिनक्स प्रणाली, तिघींत मिळून फाइलींचा एकच साठा. एक पडली तर उरलेल्या दोघींनी संसार सांभाळायचा, अशी सोय. मानासेने वायरी बदलल्या, परवानग्या तपासल्या, अडकून पडलेली फाइलींची कुलपं सोडवली. दुपारपर्यंत सगळं आपोआप सुरळीत व्हायचं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. चाळिशीचा माणूस साठीचा दिसायला लागला. खरं सांगते, त्याच्याकडे बघूनच मला थकवा यायचा.

मग एका सोमवारी हाआपाई बेटांवरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याच्या निधनाची सूचना वेळेत गेली नाही आणि त्याच्या बहिणीची बोट चुकली. आमचे प्रमुख मोआला साहेब शांत माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, "मानासे, ऑकलंडची कंपनी सगळा साठा तिकडे ठेवायला तयार आहे. आणखी एक सोमवार बघतो. नाहीतर पेट्या जातील, आणि मग तुलाही इथे काम उरणार नाही."

"बघतो, साहेब," एवढंच तो बोलला. भांडायचंही त्राण नव्हतं.

रविवारी काय होतं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. कसं पाहणार? रविवारी इथे कोणी कामाला हात लावत नाही. केंद्र गप्प असतं, मानासेचा फोनही बंद. पेटीने तक्रार केली तरी ती सोमवारच्या आमच्या आरडाओरड्याखाली गाडली जायची. त्या रविवारी मात्र तो चर्च चुकवून मागच्या दाराने केंद्रात शिरला. आयुष्यात पहिल्यांदा. पुढचं मला दोघांनीही सांगितलं, आपापल्या पद्धतीने.

तो पडद्यासमोर बसलेला असताना दार उघडलं. आमच्याकडे झाडलोट करणारी मेलेनाइते, कमरेला चर्चला जाताना नेसतात ती चटई गुंडाळलेली.

"मावशी, तुम्ही? आज?"

"मी काही काम करायला नाही आले. तू काय करतोयस ते सांग आधी! रविवार आहे रे, लाज नाही वाटत?"

बोलता बोलता ती खाली वाकली आणि सगळ्यांत खालच्या पेटीचं बटण दाबून धरलं. पेटी विझली.

"अहो, काय करताय!"

"नेहमीचंच. ही बिचारी फार कण्हते. पंखा ऐकलायस का तिचा? सहा दिवस राबवतोस, एक दिवस निजू दे की. सोमवारी झाडायला आले की करते चालू."

"आणि बाकीच्या दोघी?"

"एक पडली तर दोघी सांभाळतात, असं तूच नाही का सांगितलंस मला?"

मानासे जमिनीवरच बसला. हसू येत होतं आणि रडूही. मग त्याने तिला समजावलं: परदेशातल्या नातेवाइकांच्या सूचना रविवारभर आपोआप येत असतात. ही निजलेली राहते, आणि सोमवारी उठली की काय काय चुकलं ते त्या दोघींना विचारत बसते. तिघी त्या हिशेबात अडकतात आणि आमच्या फाइली ताटकळतात. साहेबांनी दिलेला इशाराही सांगितला.

मेलेनाइतेने विझलेल्या पेटीवर हात ठेवला. "म्हणजे तुझी नोकरी मी घालवत होते?"

"जाईल उद्या कदाचित."

"बरं, कर चालू. पण दोघांपैकी एकाने तरी आज निजायचं. ही जागी राहणार असेल, तर तू चल."

पेटी सुरू करायला लावून तिने त्याला ओढतच आपल्या घरी आणलं. मी तिची शेजारीण, तिच्याकडेच जेवायला होते. भट्टीतून नुकतंच लू, म्हणजे अळूच्या पानात नारळाच्या दुधासकट शिजवलेलं मांस, निघालं होतं. मानासेने दोन घास खाल्ले, फोन उशाशी चालू ठेवला आणि चटईवर आडवा झाला तो मेल्यासारखा झोपला.

उन्हं कलताना फोन किणकिणला. मेलेनाइतेने तो उचलला आणि बटण दाबून धरलं. फोन विझला.

"अगं बाई!" मी म्हटलं. "पेटीचं काही असेल तर? उद्या पेट्या गेल्या म्हणजे?"

"जाऊ देत. हा तरी राहायला हवा."

मला रात्रभर काळजी. सकाळी मी पहिल्या सूचनेवर टिचकी मारली. उघडली. दुसरीही उघडली. मोआला साहेब दारात उभे राहून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी विचारलं, "दुखणं काय होतं मग? मानासे कुठाय?"

मेलेनाइतेने झाडू भिंतीला टेकवला.

"दुखणं मी होते, साहेब. सांगते सगळं. पण हळू बोला, तो माझ्या घरी अजून निजलाय, आणि इथून माझ्या घरापर्यंत आवाज जातो."